मन ठरण्याआधी विचारा: मोठ्या निर्णयासाठी सल्ला कसा घ्यावा

पाळकांकडे किंवा फादरांकडे लोक सल्ला मागायला येतात, तेव्हा बहुतेक वेळा निर्णय होऊन गेलेला असतो. व्हिसा लागलेला असतो, फ्लॅटचं टोकन दिलेलं असतं, साखरपुड्याची तारीख धरलेली असते. मग घरचे म्हणतात, "पाळकसाहेब, प्रार्थना करा, आणि तुम्हाला काय वाटतं तेही सांगा." त्या घटकेला कोण काय वेगळं सांगणार? आशीर्वाद मिळतो, चहा होतो, आणि सल्ला घेतल्याचं समाधान घेऊन माणसं घरी जातात.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात सल्ल्याविषयी पुन्हा पुन्हा येतं (११:१४, १२:१५, १५:२२, १९:२०, २०:१८, २४:६). मसलतीशिवाय बेत फसतात आणि सल्लागार पुष्कळ असले तर ते सिद्धीस जातात, असा त्याचा आशय. यातला "बेत" हा शब्द महत्त्वाचा आहे. बेत म्हणजे अजून न झालेली गोष्ट. म्हणून पहिला नियम वेळेचा: मन वळवता येईल अशा वेळी विचारा. आपलं मन एका बाजूला किती झुकलंय, ते दहापैकी आकड्यात लिहून काढा. आकडा आठच्या वर असेल तर सल्ला घ्यायला उशीर झालाय हे ओळखा आणि सल्लागारालाही तसं आधीच सांगा. तो मग वेगळ्या पद्धतीने बोलेल.

लेखभर एकच उदाहरण धरू. मिशन हॉस्पिटलमध्ये दहा वर्षं काम केलेली स्टाफ नर्स. पगार २८,००० रुपये. आखाती देशातल्या एका रुग्णालयाकडून दोन वर्षांच्या कराराची ऑफर आलीय. नवरा एमआयडीसीत कामाला, मुलगा सहा वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे गेलेले. एजंट दीड लाख मागतोय आणि पंधरा दिवसांत उत्तर हवंय.

आधी एक कागद

कुणालाही फोन करण्यापूर्वी एक पान लिहा. तोंडी सांगताना आपण नकळत वकिली करतो. आपल्याला हवी असलेली बाजू फुलवून सांगतो, नको ती दोन शब्दांत उरकतो. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये म्हटलंय की पहिल्यांदा बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, दुसरा येऊन तपासेपर्यंत. सल्ला घेताना हा दुसरा माणूस नसतोच, म्हणून त्याचं काम कागदाने करायचं.

वरच्या ओळीत प्रश्न लिहा, एका वाक्यात. "परदेशी जाऊ का?" हा प्रश्न फार मोठा आणि मोघम. "ही दोन वर्षांची नोकरी, या पगारावर, मुलाला घरी ठेवून, येत्या जूनमध्ये स्वीकारू का?" असा लिहिला की निम्मा गुंता तिथेच दिसतो. त्याखाली पर्याय, किमान तीन. दोनच लिहिले तर सल्लागार हो किंवा नाही एवढंच सांगू शकतो. इथे तिसरा पर्याय एक वर्ष थांबून मुलगा दुसरीत गेल्यावर जाण्याचा, आणि चौथा पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात अर्ज करण्याचा.

मग माहिती, आकड्यांसकट. पगार किती आणि राहणं-जेवण कापून हातात किती. घर रुग्णालयाचं की आपलं. वर्षाची सुट्टी किती, तिकीट कुणाचं. करार मोडला तर भरपाई किती. पासपोर्ट कुणाकडे राहणार. परवाना परीक्षेचा खर्च. दीड लाख कुठून आणणार, कर्ज काढलं तर व्याज किती. मुलाला शाळेत कोण सोडणार, सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार. आणि जी ओळ बहुतेक जण विसरतात ती: उपासनेचं काय? सौदी अरेबियात ख्रिस्ती उपासना उघडपणे करता येत नाही. ओमान, अमिराती, कुवेत, बहरीन आणि कतार इथे चर्च आहेत, आणि अनेक ठिकाणी मंडळ्या शुक्रवारी जमतात. दोन वर्षं प्रभुभोजनाशिवाय आणि संगतीशिवाय काढायची असतील, तर ती गोष्ट पगाराइतकीच ठळक लिहायला हवी.

शेवटी दोन कठीण ओळी. मला खरं काय हवंय? मला कशाची भीती वाटते? "मला सासरच्या घरातून थोडं बाहेर पडायचंय" हे खरं असेल तर ते कागदावर यावं. सगळ्यांना दाखवायची गरज नाही, पण ज्याच्याकडून खरा सल्ला हवा त्या एकाला तरी दाखवा. मनातलं खोल पाण्यासारखं असतं आणि समंजस माणूस ते वर काढतो, असं नीतिसूत्रे २०:५ म्हणतं. विहिरीवर झाकणच ठेवलं तर पोहरा आत जाणार कसा?

हा कागद लिहिताना अर्धे प्रश्न सल्ल्याचे नसून चौकशीचे आहेत हे कळतं. एजंटचंच पाहा. तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख मागणाऱ्याविषयी पाळकांचं मत घ्यायची गरजच नाही. यहोशवाच्या ९व्या अध्यायात गिबोनी लोक शिळ्या भाकरी आणि फाटके बुधले दाखवून इस्राएलाला फसवतात. वडीलधाऱ्यांनी त्यांची शिदोरी पाहिली, पण परमेश्वराला विचारलं नाही, असं तिथे लिहिलंय. आपल्याकडे उलटंही घडतं: देवाला विचारतो, पण भाकरी तपासत नाही. दोन्ही करायला हवं.

शास्त्रात ज्याचं उत्तर सरळ आहे, त्यासाठीही पाच दारं हिंडू नयेत. जामीन राहण्याचा प्रश्न घ्या. पतसंस्थेच्या कर्जाला सभासद जामीन लागतात आणि मंडळीतलाच माणूस गळ घालतो, "नुसती सही आहे." नीतिसूत्रे ६:१-५, ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७ या चारही ठिकाणी सावधगिरीचा इशारा आहे, शेवटच्या ठिकाणी तर विचारलंय की फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण का जाऊ द्यावं. कायदाही तेच सांगतो. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१च्या वसुली दाखल्यावर थेट जामीनदाराकडेही येऊ शकते. पूर्ण रक्कम स्वतः भरण्याची ऐपत आणि तयारी असेल तरच सही करा. आधीच केली असेल तर सहावा अध्याय सांगतो तसं त्याच दिवशी उठून, मान खाली घालून, सुटका मागायला जा.

कुणाला विचारायचं

"पुष्कळ सल्लागार" याचा अर्थ पंधरा नव्हे. तीन ते पाच पुरेत. त्याहून जास्त झाले की आपण हवं ते मत निवडून घेतो आणि बाकीची विसरतो.

पहिल्यांदा पक्षकार आणि सल्लागार वेगळे करा. या उदाहरणात नवरा सल्लागार नाही. निर्णय त्याचाही आहे, तो कागद लिहितानाच बरोबर हवा. सासूबाई, आई-वडील, ज्यांच्या दिवसावर याचा परिणाम होणार आहे, त्यांचं ऐकायचं ते हक्काचे म्हणून. ज्या दिराला घराच्या हप्त्यासाठी पैसे हवेत त्याचं मतही ऐका, पण त्याचा हात कुठे अडकलाय हे लक्षात ठेवून. एजंट तर विकणारा आहे. त्याच्याकडून माहिती लेखी घ्या, सल्ला घेऊ नका.

मग तीन प्रकारची माणसं शोधा. एक, जो तुम्हालाही ओळखतो आणि बायबलचं वचनही: पाळक, फादर, मंडळीतले जाणते वडील, महिला मंडळातल्या एखाद्या मावशी. दोन, ज्याला तो व्यवहार माहीत आहे: आखातात काम करून परत आलेली एक सिस्टर आणि अजून तिथेच असलेली दुसरी. परत आलेली किंमत सांगते, तिथे असलेली सोयी सांगते. दोन्ही ऐकल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. तीन, जो बहुधा "नाही" म्हणेल असं तुम्हाला वाटतं. याला टाळावंसं वाटतं, म्हणूनच याचं नाव यादीत हवं.

१ राजे २२ मध्ये अहाब राजाला रामोथ-गिलादवर चढाई करायची असते. चारशे संदेष्टे एका सुरात "जा" म्हणतात. त्याच्या सोबतीला आलेला यहूदाचा राजा यहोशाफाट आणखी कुणी आहे का विचारतो, तेव्हा अहाब म्हणतो की एक मीखाया आहे, पण मला तो आवडत नाही, माझ्याविषयी कधी बरं बोलतच नाही. मीखायाला आणायला गेलेला निरोप्याही वाटेत सांगतो: सगळे एकच सांगताहेत, तूही तसंच सांग. अहाब लढाईला गेला आणि परत आला नाही. ते चारशे राजाच्या मर्जीतले होते, म्हणून मोजायचे तर एकच. आपल्याही बाबतीत एकाच घरातली, एकाच ग्रुपवरची सहा माणसं "हो" म्हणाली, तर ते एक मत धरावं.

शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याची चूक निराळी होती (१ राजे १२). त्याने सल्ल्यासाठी तीन दिवस घेतले आणि बापाच्या काळच्या वडीलधाऱ्यांना विचारलंही. त्यांचं म्हणणं सोडून दिलं आणि मग बरोबर वाढलेल्या तरुणांना विचारलं. शब्द नीट पाहा: वडिलांना तो "तुम्ही काय सांगता" असं विचारतो, मित्रांना "आपण काय उत्तर द्यावं" असं. त्या "आपण" मध्येच निकाल लागला होता. इस्राएलाचे दहा वंश त्याच्या हातून गेले. स्वतःला ऐका: कुणाशी बोलताना तुम्ही "आपण" म्हणायला लागता?

हुशारी हा निकष पुरेसा नाही. दावीद राजाचा मुलगा अम्नोन याचा मित्र योनादाब फार चतुर होता असं २ शमुवेल १३ सांगतं, आणि त्याच्याच युक्तीने तामारेवर अत्याचार झाला. याकोब ३:१७ मधली परीक्षा जास्त उपयोगी आहे: वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारं, दयेने भरलेलं, पक्षपात आणि ढोंग नसलेलं असतं. सल्लागार निवडताना एवढं पाहा की हा माणूस दुसऱ्याचं ऐकतो का, आणि इतरांची गुपितं तुमच्यापाशी बोलतो का. बोलत असेल तर तुमचीही बोलेल.

गुप्ततेविषयी स्पष्ट राहा. कॅथलिक मंडळीत प्रायश्चित्त संस्काराच्या (पापकबुलीच्या) वेळी सांगितलेलं फादरांना कुठल्याही कारणाने उघड करता येत नाही. पण कार्यालयात बसून झालेलं बोलणं त्या संस्काराच्या गुप्ततेच्या बंधनाखाली येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकांशी झालेलं बोलणं खासगी असतं अशी अपेक्षा असते, तरी तसं आधी म्हणून घ्या. आणि एक वाक्य आवर्जून सांगा: "हा प्रार्थनेचा विषय म्हणून ग्रुपवर टाकू नका." कळकळीनेच टाकलं जातं, पण सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या मेट्रनपर्यंत पोहोचलेलं असतं.

भेट

कागद दोन दिवस आधी द्या. प्रत्येकाला वेगळं भेटा, पाऊण तास ते तासभर. सगळ्यांना एकत्र बसवलं की सर्वांत वडील माणूस बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. एकत्र बसायचं असेल तर ते नंतर, प्रत्येकाचं मत स्वतंत्र ऐकून झाल्यावर.

सुरुवातीला छोटी प्रार्थना करा. याकोब १:५ प्रमाणे ज्ञान मागा आणि थांबा. "प्रभू, आईविना लेकराचे किती हाल होतात हे हिला दाखव" ही प्रार्थना नाही, सल्लाच आहे, आणि त्याला उत्तरही देता येत नाही. कुणी असं केलं तर प्रार्थना संपल्यावर शांतपणे म्हणा, "मुलाविषयी तुम्हाला काय वाटतं ते आता मोकळेपणी सांगा."

"तुम्हाला काय वाटतं, जाऊ का?" असं विचारू नका. त्याला समोरचा मत देतो आणि संपतं. हे विचारा: माझ्या नजरेतून काय सुटतंय? या कागदावरची कुठली ओळ तुम्हाला पटत नाही? मला ओळखता त्यावरून, तिथे एकटं राहणं मला झेपेल? कुठली गोष्ट बदलली तर तुमचं मत बदलेल? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. त्याच्या उत्तरातून अट मिळते, आणि अटीवर काम करता येतं. "नवऱ्याची रात्रपाळी बंद झाली तर जा" हे नुसत्या "नको" पेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

चांगला सल्लागार आधी पाहतो आणि विचारतो. निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो दिवसभर मोशेचा न्यायनिवाडा पाहतो, "तू एकटाच का बसतोस?" असं विचारतो, मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमण्याची योजना सांगतो, आणि शेवटी "देवाने तुला तशी आज्ञा केली तर" अशी जोड देतो. तुमचा सल्लागार पहिल्या पाच मिनिटांत निकाल देत असेल तर त्याला कागदावर परत आणा.

तुम्ही मात्र वाद घालू नका. बचाव सुरू झाला की समोरचा सभ्यपणे गप्प होतो आणि तुम्हाला कळतही नाही. वहीत तीन रकाने करा: माहिती, अनुभव, मत. "तिथे बारा तासांची ड्युटी असते" ही माहिती, तपासून घ्या. "मला पहिले सहा महिने रोज रडू यायचं" हा अनुभव. "बायकांनी एवढ्या लांब जाऊ नये" हे मत. ज्याचं दुधाने तोंड पोळलंय तो ताकही फुंकायला सांगणार. त्याचा अनुभव खरा असतो, तुमचं ताक किती गरम आहे ते मात्र तुम्हीच पाहायचं.

"प्रभूने मला दाखवलंय"

असं कुणी म्हटलं तर घाबरू नका आणि झिडकारूही नका. १ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१ मध्ये संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, ही दोन्ही वाक्यं शेजारी आहेत. १ करिंथकरांस १४:२९ प्रमाणे इतरांनी तोलून पाहायचं असतं. म्हणून तो संदेश लिहून घ्या आणि बाकीच्या सल्लागारांपुढे ठेवा. एकट्या अशा शब्दावर राजीनामा देऊ नका, करार सही करू नका. त्याबरोबर पैशाची मागणी आली तर विषय तिथेच संपवा.

डोळे मिटून बायबल उघडणं, चिठ्ठ्या टाकणं, "सोमवारी फोन आला तर देवाची इच्छा" असं ठरवणं, यांचा आधार म्हणून गिदोनाची लोकर सांगितली जाते: त्याने लोकरीवर दव पडण्याची खूण देवाकडे मागितली होती. पण शास्ते ६ वाचा: गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती (१४वं वचन), लोकर नंतर आली (३६ पासून), आणि ती त्याच्या डळमळीत विश्वासासाठी होती. मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हाही प्रेषितांनी आधी निकष ठरवून दोनच नावं पुढे केली होती (प्रेषितांची कृत्ये १).

तोलणं

भेटी संपल्यावर किमान तीन रात्री जाऊ द्या. आजारपणात, सुतकात, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ठरवू नका. लोयोलाच्या संत इग्नाशियसने (१४९१-१५५६) आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत हेच घातलंय: मन उदास आणि कोरडं असताना आधीचा निश्चय बदलू नये. त्याच्या आणखी दोन युक्त्या करून पाहण्यासारख्या आहेत. एखादा अनोळखी माणूस हाच कागद घेऊन आला तर त्याला काय सांगाल? आणि मरणाच्या घटकेला मागे पाहताना काय निवडलेलं असावं असं वाटेल? दोन्ही उत्तरं लिहून काढा.

आता वहीत पाहा. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच गोष्ट सांगितली असेल, तर ती सर्वांत वजनदार. मतं जुळत नसतील तर मतभेद कशावर आहे ते शोधा. माहितीवर असेल तर चौकशी करा. काय मोलाचं यावर असेल तर वचनाकडे आणि आपल्या जबाबदाऱ्यांकडे जा. तुमच्याविषयी असेल, म्हणजे एक म्हणतो झेपेल आणि दुसरा म्हणतो नाही, तर ज्याने तुम्हाला संकटात पाहिलंय त्याचं जास्त धरा.

हात मोजू नका. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये पौल सांगतो की इथून पुढे जाण्यात धोका आहे. त्याला कैदी म्हणून नेणारा रोमी शताधिपती मात्र तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकतो, आणि बहुतेकांचं मतही निघण्याचंच पडतं, कारण ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं होतं. गैरसोय टाळायला निघालेलं तारू फुटलं. २७६ माणसं वाचली ती देवाच्या दयेने. जाणकारांचं मत आणि बहुमत दोन्ही सोयीकडे झुकू शकतात. "लवकर उत्तर द्या, जागा जाईल" हाही सोयीचाच दबाव. उत्तरासाठी आठ दिवस वाढवून मागा. खरी ऑफर त्याने सहसा मोडत नाही.

भला सल्लागारही चुकतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला "तुझ्या मनात आहे ते कर" असं सांगितलं, आणि त्याच रात्री देवाने त्याला वेगळा निरोप देऊन परत पाठवलं (२ शमुवेल ७). म्हणून सल्लागाराला मत बदलायची मुभा द्या: "आठवडाभरात काही वेगळं वाटलं तर फोन करा."

एका बाबतीत वरची सगळी पद्धत बाजूला ठेवा. घरात मारहाण होत असेल, धमकी असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून समेट करणं धोक्याचं आहे. जे तिथे बोललं जातं त्याचा सूड घरी निघतो. "सहन कर, प्रार्थना कर" एवढंच सांगणारा तिथे योग्य सल्लागार नाही. आधी सुरक्षित जागा. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक. मनाने खचून जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. पाळक सोबत येऊ शकतात, डॉक्टर आणि वकिलाच्या जागी बसू शकत नाहीत.

ठरवणं आणि कळवणं

आपल्याकडे म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. त्यातलं मन मोकळं सोडलेलं असू नये, वचनाने आणि प्रार्थनेने तपासलेलं असावं. पण निर्णय स्वतःचा, हे खरंच. कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून पुढचं संकट दाखवलं. सगळ्यांनी रडून अडवलं. पौलाने माहिती मान्य केली आणि तरीही यरुशलेमेला गेला. बाकीचे "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून थांबले (प्रेषितांची कृत्ये २१). सल्ला न मानता संबंध जपण्याचा हा नमुना आहे.

म्हणून ठरल्यावर प्रत्येकाला कळवा. ज्यांचा सल्ला मानला नाही त्यांना आधी, आणि कारणासह. "पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून" असं कुठेही म्हणू नका. उदाहरणातल्या सिस्टरने समजा चौथा पर्याय निवडला, पुण्यात अर्ज केला आणि आखात दोन वर्षं पुढे ढकललं. मग तो कागद फाडू नये. मागच्या बाजूला निर्णय, तारीख, त्याची दोन कारणं आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहावी. त्या दिवशी नवऱ्यासोबत आणि त्या "नको" म्हणणाऱ्या माणसासोबत बसून कागद पुन्हा वाचावा: कुठला अंदाज चुकला, कुठली भीती पोकळ निघाली, आणि कुणी सांगितलेलं तेव्हा ऐकू आलं नव्हतं.